खजुराच्या बियांचें तेल

खजूर खावा आणि बी टाकून द्यावी, ही आपली नित्याची रीत. परंतु मिसर, इराक, अरबस्तान, ट्युनिस इत्यादि ज्या देशांत खजूर हें मोठें पीक आहे, तेथील शेतकरी ही बी फुकट दवडीत नाहींत. ते ती भिजवून वा भरडून उंटांस व शेळ्यांस चारतात; कोठें कोठें ती भाजून, दळून कॉफीप्रमाणें पितातही. अलीकडे या बियांच्या तेलाची मोठी वाखाणणी होऊं लागली असून, त्यास ऑलिव्ह तेलाचें भावंड म्हणण्यापर्यंत कित्येकांची मजल गेली आहे. ही स्तुति कितपत यथार्थ आहे, याचा आमच्या विद्यार्थ्यांनीं हातीं तराजू घेऊन विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

प्रथम गुण पाहूं. ट्युनिसमधील डेग्लेट नूर व अल्लिग या दोन जातींच्या बियांची परीक्षा २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत तेलांतील ओलेइक अम्ल शेंकडा ४० ते ५० च्या दरम्यान आढळलें. ऑलिव्ह तेलाची ख्याति याच अम्लामुळें आहे. मात्र त्यांत तें शेंकडा ५५ ते ८३ असतें. शिवाय खजुराच्या बियांच्या तेलांत लॉरिक अम्लही जातीपरत्वें कमीअधिक असतें, आणि तें तर आपल्या कोंकणांतील खोबरेलाचें मुख्य अंग होय. तेव्हां ऑलिव्हचें भावंड म्हणणारांनीं नारळाशीं असलेलें नातें लपवूं नये. हें तेल लवकर खंवट होत नाहीं, हा त्याचा खरा गुण आम्ही आनंदानें मान्य करितों.

आतां माप पाहूं. भुईमुगाच्या दाण्यांत व तिळांत जवळजवळ निम्मे तेल असतें. खजुराच्या बींत तें शेंकडा १० च्या सुमारास. म्हणजे १०० किलो खजुरांतून बी निघावी १० किलो, आणि त्या बींतून तेल १ किलो! त्यांतही बी इतकी कठीण, कीं आपल्या घाण्याचें तेथें कांहीं चालत नाहीं. ती दळून द्रावकानें तेल वेगळें करावें लागतें.

म्हणून आमचें मत असें : जेथें खजुराचा पाक वा मुरंबा करणाऱ्या कारखान्यांत बियांचे ढीग सांचतात, तेथें तेल अवश्य काढावें आणि उरलेला चोथा निर्दोष करून गुरांस द्यावा. परंतु तेलाच्या एका कुपीसाठीं गरिबाच्या शेळीच्या तोंडचा घास काढून घेणें, हें पोषण नव्हे. तसेंच माणसांवर पुरेशी परीक्षा होण्यापूर्वीं त्या कुपीस औषध म्हणून मिरवूं नये.

पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले, तेव्हां बारा टोपल्या भरल्या. कांहींही वायां जाऊं नये, हा धडा आम्ही त्यावरून शिकवितों. पण त्याबरोबर हेंही ध्यानीं असावें, कीं त्या बारा टोपल्यांस कोणीं चोवीस म्हटलें नाहीं.