दुसऱ्या दिवसाची सकाळ आधी ठरवा

दिवाळी सरली की सह्याद्रीच्या वाटांवर गर्दी सुरू होते. एका दिवसात गड करून परतणाऱ्यांबरोबर आता दोन-तीन मुक्कामांची सलग डोंगरयात्रा करणारेही दिसतात. अच्छाड-तलासरीहून निघालेला गट जव्हार, मोखाडा करीत घाटमाथ्यावर पोहोचू शकतो. पुढे रतनवाडी, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड ही वाट अनेकांच्या मनात असते. मात्र बहुतेक बेत गडांची यादी समोर ठेवून आखले जातात. शरीर समोर ठेवून क्वचितच. खरी चूक इथेच होते.

एका दिवसाची चाल आणि अनेक दिवसांची चाल यांत फरक फक्त अंतराचा नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या स्थितीत भार पेलतात आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्याचे दुखणे त्याच संध्याकाळी फारसे जाणवत नाही, ते २४ ते ७२ तासांत वाढते. म्हणजे नेमके दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अवघड उतारावर, गुडघे साथ सोडू लागतात. पाय घसरतो तो अशाच वेळी. म्हणून पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवावा. ‘पहिल्या दिवशी ताजेतवाने असतो, तेव्हाच जास्त चालून घेऊ’ हा हिशेब उलटा आहे.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १२ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असेल तर साधारण साडेतीन तास होतात. पण हा हिशेब थंड हवेतल्या, सराव असलेल्या माणसाचा आहे. पाठीवरचे ओझे, आपल्याकडचे ऊन, विश्रांती आणि गटातला सर्वांत हळू चालणारा सदस्य धरला तर त्यात निदान निम्मी भर घालावी. गटाचा वेग म्हणजे त्या सदस्याचा वेग. तो मान्य नसेल तर त्याला सोबत नेऊ नये. नेले असेल तर मागे सोडू नये.

पाण्याबाबत दोन टोकाच्या चुका होतात. तहान लागेपर्यंत न पिणे ही एक. घाम भरपूर जात असताना केवळ साधे पाणी पीत राहणे ही दुसरी. त्याने रक्तातील सोडियम घटून डोकेदुखी, मळमळ, गोंधळ अशी लक्षणे येऊ शकतात. पाण्याबरोबर खारे दाणे, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा ओआरएस हवे. पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण ध्यानात ठेवावे. ओढ्या-टाक्यांचे पाणी नितळ दिसले तरी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्यावे. उन्हात चालणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो थकवा समजू नये. तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला कळवावे.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डोंगर टाळावा असे नाही. मात्र औषधांच्या मात्रेबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे. दिवसभराच्या चालीने साखर एकदम उतरू शकते आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातले पाणी लवकर कमी होते. सराव घराजवळच करता येतो. महालक्ष्मीचा डोंगर किंवा गंभीरगड पाठीवर पूर्ण ओझे घेऊन, लागोपाठ दोन दिवस चढून-उतरून पाहावा. दुसऱ्या दिवशीचे पाय जे सांगतील, तेच खरे.

आल्प्समध्ये मुक्कामाच्या झोपड्यांची जुनी व्यवस्था आहे. तिथे जेवण, अंथरूण मिळते आणि जागा आधी राखून ठेवता येते. सह्याद्रीत ही जागा गावातल्या घरांनी घेतली आहे. घरचे गरम जेवण, कोरडी ओसरी आणि वाट ठाऊक असलेला माणूस, हे सगळे मिळते आणि पाठीवरचा तंबू, शिधा कमी होतो. ओझे घटले की गुडघे वाचतात. आरोग्याच्या दृष्टीनेही गावातला मुक्काम गडावर उघड्यावर झोपण्यापेक्षा सरस आहे. संकटात तिथून वाहन मिळण्याची शक्यताही अधिक असते. मुक्काम मात्र आधी फोन करून, माणसांचा आकडा सांगून ठरवावा आणि पैसे घासाघीस न करता द्यावेत.

या हिशेबात यजमान गावाचाही विचार हवा. पावसाळ्यात धो-धो पाऊस झेलणाऱ्या या कातळी मुलखात उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि बायकांना हंडे घेऊन लांब जावे लागते. तीस-चाळीस जणांच्या जथ्याने तिथे उतरून हातपाय धुवायला पाणी मागणे हा अन्याय आहे. लांबची डोंगरयात्रा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावी, गट दहा-बाराचा ठेवावा आणि रोजच्या टप्प्यावर लवकर खाली उतरण्याची एक वाट कागदावर लिहून ठेवावी. तीन गडांऐवजी दोनच झाले तरी चालेल. गड पुढल्या वर्षीही तिथेच असतात.