पट्ट्याच्या दाव्यासोबत अंगणवाडीचाही ठराव घ्या



मागच्या महिन्यात एका गावात सामूहिक दाव्याची बैठक होती. नकाशा जमिनीवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दगड ठेवले. चार वर्षांचं एक पोरगं आलं आणि ते दगड उचलून लहान-मोठे असे ओळीत लावायला लागलं. नकाशा उडाला. सगळे त्याच्यावर ओरडले, आम्हीही ओरडलो. पोरगं पळून गेलं. परत येताना वाटेत आमच्या ध्यानात आलं, की शहरात याच कामाची फी घेतात.

मारिया मॉन्टेसरी ही इटली देशाची डॉक्टर बाई. १९०७ साली रोम शहरातल्या एका मजूर वस्तीत तिने बालघर सुरू केलं. आईबाप कामावर गेले की दिवसभर मोकाट फिरणारी पोरं तिथं येत. तिने पाहिलं, की लहान मूल हाताने शिकते. ठोकळे लहान-मोठे लावणं, पाणी न सांडता ओतणं, खरखरीत अक्षरावर बोट फिरवणं. बाई मारत नाही, घाई करत नाही, पाहते आणि लागेल तेवढीच मदत करते. तीन ते सहा वर्षांची पोरं एकत्र बसतात, मोठं लहानाला दाखवते. म्हणजे ही शाळा गरिबांच्या लेकरांसाठी निघाली होती. आज तिचं नाव मोठ्या फीच्या बोर्डावर दिसते.

आपल्या राज्यात हे काम आदिवासी पोरांत नेलं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला बालवाडी काढली. त्याच साली त्या भागात वारली बांधव वेठबिगारीविरुद्ध उठले होते, हेही आपण लक्षात ठेवलं पाहिजे. पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात, तर या बाया पाड्यावर जाऊन अंगणात बसल्या. तीच अंगणवाडी. विकतचं सामान परवडत नव्हतं, म्हणून बिया, पानं, माती, खडे हेच सामान केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली. कारण सरळ होतं. धाकट्या भावाला सांभाळायला बहीण घरी राहायची. भावाला पाळणाघर भेटलं की बहिणीला शाळा भेटते. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षक कुरणात गेले, तिला कुरणशाळा म्हटलं.

आता आपल्याकडे पहा. देवरी, सालेकसा, अर्जुनीच्या जंगलपट्टीत मोहफूल आलं, तेंदूपत्ता आला, धानाची रोवणी आली, की आठ वर्षांची पोरगी लहानग्याला कडेवर घेऊन घरी राहते. त्या दिवसांची तिची शाळा बुडते, मग कायमची सुटते. घरी पोरगं उंदी, रंड, मूंद मोजते. पहिलीत गेलं की त्याला येणारं सगळं बाद होते आणि ते मुकं बसते. आम्हीही तसेच बसलो होतो. गुरुजींना वाटलं, याला काही येत नाही. आम्हालाही तसंच वाटायला लागलं.

काही म्हातारे म्हणतात, पोरं खेळायलाच जातात तर घरीच खेळू द्या. त्यांचं अर्धं खरं आहे. नुसती खिचडी खाऊन परत यायचं असेल तर ती शाळा नव्हे. पण पळसाच्या पानाचा दोना करणारा हात उद्या पेन्सिल नीट धरतो. बिया सारख्या वाटणारं पोरगं हिशेब शिकते. ज्यांना हिशेब समजला नाही, त्यांच्या अंगठ्याने किती जमिनी गेल्या, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही.

अंगणवाडीच्या ताईला दोष देऊ नका. वजन, आहार, रजिस्टर यातच तिचा दिवस जाते. दोष आपला आहे. आपण किती तरी बैठका घेतल्या, पण अंगणवाडी एकाही बैठकीच्या विषयात नव्हती.

वनहक्क कायदा २००६ म्हटलं की आपण पट्टाच पाहतो. त्याच कायद्याचं कलम ३(२) वाचा. शाळा, अंगणवाडी अशा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे चावी आपल्याच हातात आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत हे विषय घ्या:

१. जिथं अंगणवाडीला जागा नाही, तिथं कलम ३(२) प्रमाणे जागेची शिफारस करा.
२. मोहफूल, तेंदू आणि रोवणीच्या दिवसांत लहानग्यांना सांभाळायला आळीपाळीने दोन बाया ठेवा. त्यांची त्या दिवसाची मजुरी गावाने द्यावी.
३. गोंडी बोलणारी एक आजी किंवा आजोबा रोज तासभर अंगणवाडीत बसावेत.
४. सामान गावानेच करावं. चिंचोके, हिरडा, बेहडा, बांबूच्या कांड्या, लहान-मोठ्या टोपल्या. बाजारातून काही आणायचं नाही.

आणि पुढच्या बैठकीत नकाशावर दगड ठेवताना थोडे दगड पोरांसाठी बाजूला ठेवा.

जंगल आपलं, जमीन आपली. अंगणातली शाळाही आपलीच.