पानशेतचं पाणी आणि मुलाची बोट

मागल्या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलं आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर लिहायला मी दोन दिवस टाळाटाळ केली. पत्र वेल्ह्याकडचं. सरकारदप्तरी आता तो राजगड तालुका झाला, पण पत्रावर ताईंनी वेल्हेच लिहिलंय आणि आम्हा भोरकरांच्या तोंडीही तेच बसलंय. ताईंचं वय सत्तर. मुलगा-सून अमेरिकेत. येत्या डिसेंबरात मुलगा, सून, दोन नातवंडं, व्याही-विहीणबाई आणि हे दोघं अशी आठ माणसं मायामीहून बोटीनं सात रात्री कॅरिबियन बेटांवर फिरायला जायची आहेत. तिकिटंही काढून झालीत. ताई लिहितात :

“मी सहा वर्षांची होते तेव्हा पानशेत फुटलं. आईचं बोट धरून टेकडावरून पाहिलेलं ते तांबडं पाणी अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून नदीत पाय घातलेला नाही. मुलाला हे सांगितलं तर त्याचा हिरमोड होईल, न सांगता गेले तर सात दिवस कसे काढू? आणखी एक. धाकटा नातू दीड वर्षाचा आहे. सूनबाई फोनवर म्हणाली, ‘आई, तुम्ही असलात की आम्हाला जरा मोकळं फिरता येईल.’ ती वाईट मनानं म्हणाली नाही, पण ते वाक्य मनातून जात नाही.”

ताई, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि दोन्हींचं उत्तर मला अनुभवानं ठाऊक आहे. माझ्या लेकीनं आम्हा दोघांना अशाच बोटीवर नेलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पाण्याचं. 12 जुलै 1961 ज्यांनी पाहिलं त्यांना ‘त्यात काय भ्यायचं’ म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण मुलाला मात्र आजच्या आज सांगा. त्याला पानशेत म्हणजे पुस्तकातला धडा. आईनं पाहिलंय हे त्याला माहीतच नसेल. हिरमोड होईल म्हणता, पण तिथे गेल्यावर पहिल्या रात्री तुम्ही खोलीत डोळे मिटून बसलात तर जास्त होईल. आणि आत्ता कळलं तर त्याला करता येण्यासारखं बरंच आहे. खोली बदलून घेता येते. बोटीच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यांपैकी एखादीवरची खोली मागायला सांगा. पाळणा टोकाला जास्त हलतो, मधे कमी, तसंच हे. खिडकीची घ्या. बिनखिडकीची स्वस्त पडते, पण सकाळ झालेली कळत नाही आणि घाबरट माणसाला ते फार वाईट. बाल्कनीच्या खोलीला पैसे जास्त, आणि तुम्ही बाल्कनीत पाऊलही टाकणार नाही.

बोट कशी असते ते सांगितल्याशिवाय तुम्हाला कल्पना यायची नाही. 2024 सालच्या जानेवारीत मायामीहून सुरू झालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ ही बोट 365 मीटर लांब आणि वीस मजली आहे. प्रवासी नि नोकरवर्ग धरून दहा हजारांच्या आसपास माणसं तिच्यात मावतात. आमची इतकी मोठी नव्हती, तरी पहिले दोन दिवस जेवणघर सापडायला मला ह्यांचा हात धरावा लागे. पाणी खाली कुठेतरी लांब असतं. राजगडाच्या माचीवरून गुंजवणीचं पाणी दिसावं तसं. हलणं कमी व्हावं म्हणून बोटीच्या पोटाला पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात. तरी हलते, हलत नाही असं मी म्हणणार नाही.

घरात कुणीतरी ‘रामदास’ बोटीची आठवण काढीलच. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेंवर माणसं गेली. भर पावसाळा, खच्चून भरलेली माणसं, जीव वाचवायची साधनं अपुरी. आज अशा मोठ्या बोटींना जितकी माणसं तितक्यांना पुरून उरतील एवढ्या जीवरक्षक नौका आणि तराफे ठेवावेच लागतात. 2012 च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून 32 माणसं दगावली, तेव्हा नव्यानं चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर कवायत बोट सुटायच्या आधी किंवा सुटताच घ्यायची असा नियम झाला. लोक ती कंटाळत करतात. तुम्ही मन लावून करा. आपली जमायची जागा कुठली, खोलीपासून जिना कुठे, ते नातीला बरोबर घेऊन दोनदा चालून पाहा. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. हे पाठ केल्यावर माझी अर्धी भीती गेली. काय करायचं ते ठाऊक असलं की मनाला धरायला काहीतरी मिळतं. पानशेतला ते कुणाकडेच नव्हतं.

आणि एक करा. पावसाळा सरला की मुंबईला जाणं होईलच, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोटारी घेऊन जाणारी मोठी बोट धरा. 2020 सालापासून ही सेवा सुरू आहे आणि साधारण तासाभराचा प्रवास आहे. जाताना आत बसा, येताना कठड्याशी पाच मिनिटं उभ्या राहा. जमलं तर पुढचं जमेल. नाहीच जमलं, छाती धडधडून घाम फुटला, तर मुलाला तसं स्पष्ट सांगा आणि तिकीट रद्द करायची मुदत कधी संपते ते विचारा. मुदत उलटली की पैसे फार थोडे परत मिळतात, म्हणून ही रंगीत तालीम लवकर उरकलेली बरी.

बोट लागण्याचं विचारायचं तुम्ही विसरलात, पण मी सांगतेच. कोकणच्या बोटी बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी ‘बोट लागणं’ आपल्या भाषेत राहिलंय. वरंध घाटात एसटी लागते का तुम्हाला? लागत असेल तर बोटही लागण्याचा संभव आहे, जय्यत तयारीनं जा. पोट रिकामं ठेवू नका आणि तडसही लागू देऊ नका. आल्याचा तुकडा मीठ लावून, आवळासुपारी, लिंबाची फोड हे सगळं खरंच उपयोगी पडतं. मळमळू लागलं की आडवं पडण्यापेक्षा मोकळ्या हवेत बसून लांब क्षितिजाकडे पाहावं. (तुम्हाला पाण्याकडे बघायला सांगतेय हे मला कळतंय, पण लांबचं पाणी जवळच्यापेक्षा बरं.) गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते आणि तिनं झोप येते. काचबिंदू किंवा यजमानांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. तारखा मात्र मुलानं चांगल्या निवडल्यात. तिकडे जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो. डिसेंबरात उत्तरेचा गार वारा सुटला तर एखादा दिवस बोट हलेल, तेवढंच.

सामानाचं आपल्याकडे फार होतं. चकल्या, लाडू, धपाटे घेऊन निघाल्यावर घरचं केलेलं बोटीवर चढू देत नाहीत. कंपनीच्या बंद पाकिटातलंच चालतं. बोटीवरचं फळसुद्धा बेटावर उतरवायचं नाही. इस्त्री, किटली, पाण्यात घालायचं कॉइल, उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती यातलं काहीच नको, काढून घेतात. देवापुढे हात जोडा, तेवढं पुरे. शाल हवी, कारण आतल्या थंड हवेनं हाडं गारठतात. चपला न घसरणाऱ्या. रोजची औषधं, चष्मा, पासपोर्ट आणि एक साडी हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा खोलीत यायला कधी कधी रात्र होते.

जेवणाची काळजी करू नका. तिकिटाबरोबरच ‘हिंदुस्थानी शाकाहारी’ असं नोंदवून ठेवायला सांगा आणि पहिल्या रात्री वाढप्याला पुन्हा सांगा. या बोटींवर गोव्याची मुलं पुष्कळ. आमच्या टेबलाचा मुलगा सासष्टीचा निघाला. मी मराठीत बोलले, तो कोकणीत, आणि दुसऱ्या रात्रीपासून डाळ-भात-भाजी समोर येऊ लागली. चार महिने घर पाहिलं नाही म्हणाला. त्याला आपल्या हातचं काही देता आलं नाही याचीच चुटपुट लागली.

पैशांचं मुलगा बघेल, तरी माहीत असू द्या. तिकिटावर नोकरवर्गाची बक्षिसी माणशी रोज सुमारे सोळा ते वीस डॉलर निराळी लागते. आठ माणसांचा सात दिवसांचा हिशेब मांडून पाहा. थंड पेयं, फोटो, बेटांवरच्या सहली, इंटरनेट सगळं वेगळं, आणि खोलीच्या किल्लीचं कार्ड दाखवलं की खात्यावर चढतं, त्यामुळे खर्च झाल्यासारखा वाटत नाही. बोटीवरचा डॉक्टर फार महाग. अमेरिकेसाठी काढलेला विमा बोटीवर नि बेटांवर चालतो का ते आधी विचारा. अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा हवा, कारण बेटं फिरून मायामीला परतणं म्हणजे पुन्हा देशात शिरणं. कोणत्या बेटाला आपल्या पासपोर्टावर वेगळा परवाना लागतो ते बोट कंपनीकडून लेखी घ्यावं. अमेरिकेच्या पासपोर्टवाल्या मुलांना या अडचणी येत नाहीत, म्हणून त्यांच्या लक्षातही येत नाहीत.

बेटं मात्र पाहण्यासारखी आहेत हो. आपल्याला ती क्रिकेटमुळे नावानं माहीत. 1971 साली वाडेकरांच्या संघानं तिथे मालिका जिंकली, गावसकरांनी चार कसोट्यांत 774 धावा काढल्या, ते आमच्या ह्यांना तोंडपाठ. जमैका म्हणताच ह्यांना सरदेसाईंच्या 212 धावांचं सबायना पार्क दिसायला लागलं. पण बोट लागली उत्तरेच्या फाल्मथला आणि ते मैदान बेटाच्या पार दुसऱ्या अंगाला, किंग्स्टनला. यजमानांना हे आधीच सांगून ठेवा. फाल्मथ साखरेवर उभं राहिलेलं बंदर. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी तिथला ऊस पिकवला. गुलामगिरी संपल्यावर 1845 पासून आपल्याकडचे करारावरचे मजूर बोटी भरभरून नेले. मुख्यतः बिहार नि उत्तर प्रदेशाकडचे. त्यांच्या रोट्या नि मसाले तिथे अजून रुजलेले दिसतात. आपल्या भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली जाऊन ऊस पिकवतं आणि आपण भोरकर कोरडेच, यावर मी एरवी तावातावानं बोलते. तिथे त्या बंदरावर उभी असताना मला ते काही आठवलं नाही. गप्पच झाले.

आता दुसरा प्रश्न. ग्रँड केमनला मोठी बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून उतरावं लागतं, जुन्या कोकणच्या बोटींना पडाव लागत तसं. सकाळी सगळे तयार झाले आणि लेकीचं बाळ झोपलेलं. कुणी काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. “जा तुम्ही, मी आहे” असं म्हणून बसले. ग्रँड केमन मी खिडकीतून पाहिलं. मी येते म्हटलं असतं तर कुणीच अडवलं नसतं, पण म्हटलंच नाही, आणि मग संध्याकाळी लेकीशी उगीच तुटक बोलले. तिला कारण कळलंच नाही.

म्हणून ताई, सूनबाईचं वाक्य मनात घोळवू नका. तिला वर्षाची दोन आठवडे रजा, त्यात दीड वर्षाचं मूल. तिलाही मोकळं फिरावंसं वाटणारच. बोटीवर मुलांना सांभाळायची सोय असते, पण ती बहुतेक ठिकाणी तीन वर्षांपुढच्यांना. त्याखालच्या बाळांसाठी काही बोटींवर पैसे भरून पाळणाघर मिळतं, त्याची जागा लवकर राखावी लागते. लंगोटातल्या बाळाला पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, तेव्हा ते कुणाच्या तरी कडेवरच राहणार. ते कुणाच्या, एवढंच आधी ठरवायचं. तुम्ही आहात, विहीणबाई आहेत, दोन आजोबा आहेत आणि बाळाला बापही आहे. फोनवर स्वतःच म्हणा : “तीन संध्याकाळी बाळ माझ्याकडे, तुम्ही दोघं नाटकाला जा, जेवायला जा. दोन संध्याकाळी विहीणबाईंकडे. बेटावर मात्र मी प्रत्येक दिवशी उतरणार.” हे सूनबाईला नव्हे, मुलाला सांगा, आणि तिच्या देखत सांगा.

होडीत चढताना खलाशी हात देतात. दोन्ही हात मोकळे ठेवा, पर्स गळ्यात अडकवा, आणि होडी वर उचलली जाते त्या क्षणी पाऊल टाका, खाली जाताना नको. गुडघे दुखत असतील तर सकाळची पहिली गर्दी जाऊ द्या. परत यायची वेळ बोटीच्या घड्याळानं मोजायची, बेटाच्या नाही. उशीर झाला तर बोट थांबत नाही.

मांडव्याहून आल्यावर मला दोन ओळी टाका.