हुनर आहे, कागद नाही. कागद आहे, हुनर नाही

आमच्या मोहल्ल्यांत आज दोन प्रकारचे तरुण बेकार आहेत. एकाच्या हातात काम आहे, पण ते त्याला येते हे सांगणारा एका ओळीचा कागदही त्याच्यापाशी नाही. दुसऱ्यापाशी पदवीची गुंडाळी आहे, पण हाताला काम ठाऊक नाही. पहिला उस्तादाच्या कारखान्यात दहा-बारा वर्षे घालवतो आणि कारखाना बंद पडला की रस्त्यावर येतो. दुसरा अर्ज पाठवून पाठवून थकतो आणि शेवटी मिळेल त्या पगारावर मिळेल तिथे बसतो. हे दोघे बहुधा एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच घरात राहतात. थोरला कारागीर आणि धाकटा पदवीधर, आणि दोघेही घरी बसलेले! हे चित्र बदलायचे असेल तर सरकारच्या तोंडाकडे पाहत बसून चालणार नाही. त्यात व्यापारी आणि कारागीर बांधवांचा वाटा मोठा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाजार का बदलला?

आपल्याकडे रोजगाराचा प्रश्न निघाला की सगळा दोष नशिबावर टाकण्याची सवय आहे. परंतु बाजार बदलतो त्याला कारणे असतात आणि ती समजून घेतली पाहिजेत. मालेगाव आणि भिवंडीच्या यंत्रमागांचे उदाहरण घ्या. 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. रोखीने आठवड्याचा पगार वाटणारा हा धंदा तिथेच अडखळला. पुढे 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि कच्च्या चिठ्ठीवर चालणाऱ्या छोट्या कारखानदाराला हिशेबनीस शोधावा लागला. 2020 च्या मार्चमधील टाळेबंदीने उरलेसुरले कंबरडे मोडले. यात भर म्हणजे धोट्याच्या साध्या मागासमोर रॅपियर आणि एअरजेटचे वेगवान माग येऊन उभे राहिले. साध्या मागावर वीस वर्षे काढलेला कामगार नव्या मागासमोर नवशिका ठरतो. कापडाची मागणी असली तरी त्याच्या कामाची मागणी घटते.

हीच गोष्ट गॅरेजची. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चा नियम लागू झाला आणि नव्या दुचाक्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखणारा आमचा मिस्त्री आजही मोलाचाच आहे. पण त्याच्या हातात स्कॅनर नसेल आणि स्कॅनरवरचा कोड वाचता येत नसेल, तर नवी गाडी घेऊन येणारे गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे वळते. शिलाईचेही तसेच. घरी पूर्ण शर्ट शिवणारा दर्जी कसबी असतो, पण कपड्यांच्या कारखान्यात एक जण फक्त कॉलर लावतो, दुसरा फक्त बाही. तिथे वेग मोजला जातो.

तात्पर्य हे, की आपला हुनर मेलेला नाही, त्याची एक पायरी वाढली आहे. ती पायरी चढायला कोणाला सहा आठवडे लागतील, कोणाला सहा महिने. परंतु चढलीच नाही तर बापाचा धंदा मुलाला पोसणार नाही.

पदवीचे गणित

आता दुसऱ्या तरुणाकडे वळू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी 2024 साली भारतातील रोजगारावर अहवाल काढला. त्यात 2022 सालचे आकडे आहेत. पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण 29.1 टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत अवघे 3.4 टक्के!

हे वाचून कोणी म्हणेल, मग मुलांना शिकवायचे कशाला? लावा लहानपणीच कामाला! हा अर्थ साफ चुकीचा आहे. निरक्षर माणूस बेकार दिसत नाही, कारण त्याला बेकार राहणे परवडतच नाही. तो मिळेल त्या मजुरीवर राबतो. त्याची गणना काम असलेल्यांत होते, पण त्या कामात ना पोट भरते ना पुढे सरकता येते. शिक्षण सोडा, असा या आकड्यांचा सांगावा नाही. शिक्षणाबरोबर हाताला एक तरी बाजारात चालणारे काम जोडा, असा तो आहे. बी.कॉम. झालेला मुलगा टॅली आणि जीएसटीचे विवरणपत्र भरायला शिकला, तर मोहल्ल्यातील दहा दुकानांचे हिशेब त्याची वाट पाहत आहेत. नुसत्या बी.कॉम.ची वाट कोणी पाहत नाही.

नावाचा प्रश्न

इथे एक कडू गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 2007 साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवण्यात आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एकतृतीयांश निघाली. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही हेच दुखणे दुसऱ्या बाजूने दिसते. शहरांतील मुस्लिम कामगारांपैकी जेमतेम 27 टक्के नियमित पगाराच्या कामात होते, अनुसूचित जाती-जमातींत हे प्रमाण 40 टक्के होते. बाकीचे आपापल्या धंद्यात किंवा रोजंदारीवर.

म्हणून भेदभाव नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण भेदभाव आहे एवढे म्हणून घरी बसणे, हा त्याच्यावरचा उपाय नव्हे. जिथे नाव पाहून निवड होते तिथे दार अरुंद आहे. जिथे काम पाहून निवड होते तिथे ते बरेच रुंद आहे. वेल्डरची परीक्षा त्याच्या जोडावर होते, कटिंग मास्टरची कापडावर, इलेक्ट्रिशियनची पॅनेल बोर्डावर. आपल्या तरुणांनी अशी कामे आणि असे मालक आधी शोधावेत, जिथे ‘ट्रायल घेऊन पाहा’ म्हणता येते. आणि ज्या मुलाने अर्ज करून नकार खाल्ला आहे, त्याला ‘तूच कमी पडलास’ असे घरच्यांनी सुनावू नये. चूक सगळी त्याची नसते.

काम मागावे कसे?

आपल्याकडे काम ओळखीने मिळते. ओळख वाईट नाही, पण ओळखीची हद्द मोहल्ल्याच्या वेशीपाशी संपते. मोहल्ल्यातील धंदा बसला की सगळ्या ओळखी एकदमच निकामी होतात. मामा, चुलता, शेजारी, सगळे एकाच धंद्यातले! म्हणून ओळखीबाहेर काम मागायला शिकले पाहिजे, आणि त्याची एक रीत आहे.

‘वेल्डरचे काम येते’ एवढे सांगून भागत नाही. ‘आर्क आणि मिग दोन्ही वेल्डिंग, चार वर्षे ग्रिल व शेडचे काम, ड्रॉइंग वाचता येते’ असे सांगितले की ऐकणारा मान वर करून पाहतो. केलेल्या कामाचे पाच-सहा स्वच्छ फोटो मोबाईलमध्ये वेगळे काढून ठेवावेत. बायोडाटा एका पानाचा असावा, त्यात आधीच्या दोन मालकांचे नंबर त्यांच्या परवानगीने द्यावेत. एमआयडीसीतील वीस-पंचवीस कारखान्यांची यादी करावी आणि सकाळच्या वेळी गेटवर जाऊन सुपरवायझरला भेटावे. नकार मिळाला तर ‘माणूस कधी लागेल?’ एवढे विचारून तारीख लिहून घ्यावी व त्या तारखेला पुन्हा जावे. दुकानदार उधारी वसूल करायला दहा खेपा घालतो. कामासाठी तीन खेपा घालायला लाज कसली?

कागद मिळवण्याचे मार्ग

ज्याच्या हातात हुनर आहे त्याने कागद मिळवावा. त्याला पुन्हा पहिलीपासून शिकण्याची गरज नाही. अनुभवाने आलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय 2015 पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुलूपवाले, गवंडी, शिंपी, न्हावी, चांभार, मासेमारीचे जाळे विणणारे हे त्यांपैकी काही. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. योजनेत व्याजाचे कर्जही आहे. परंतु ते घेण्याची सक्ती नाही. व्याजाच्या भीतीने प्रशिक्षणाचा आणि अवजारांचा हक्क सोडून देणारे बांधव आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. यंत्रमाग कामगार मात्र या 18 व्यवसायांत येत नाहीत. हा प्रश्न आपल्या संघटनांनी लावून धरला पाहिजे.

दहावी झालेल्या मुलासाठी आयटीआय आणि त्यानंतर शिकाऊ उमेदवारी, हा आजही सर्वांत भरवशाचा रस्ता आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील 2019 च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे मागायला गेलेला मुलगा उपकार मागत नाही, कायद्याने ठेवलेली जागा मागतो.

परदेशाची वाट

देशात काम मिळेना की पाय आखाताकडे वळतात. त्यात वावगे काही नाही, कोकणातील आणि मराठवाड्यातील कित्येक घरे त्याच कमाईवर उभी आहेत. परंतु आईचे दागिने मोडून एजंटाच्या हातात लाख-दीड लाख ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. एजंट 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेला आहे काय, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. आणि नोंदणीकृत एजंटाने उमेदवाराकडून 30,000 रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ नये, अशी मर्यादा आहे. पावती न देणारा आणि पर्यटक व्हिसावर कामाला पाठवू म्हणणारा एजंट हा एजंट नव्हे, ठग आहे. तो नातेवाईक असला तरीही!

मालक बांधवांना दोन शब्द

आतापर्यंत कामगाराला सांगितले, आता मालकाला. आपल्या कारखान्यात दहा वर्षे राबलेला कारागीर सोडून जातो तेव्हा आपण त्याला काय देतो? फार तर ईदी आणि दुवा. एका लेटरहेडवर ‘अमुक इसमाने अमुक वर्षे, अमुक मशीनवर, अमुक काम केले’ असे लिहून सही-शिक्का मारून द्यायला काय खर्च येतो? तो एक कागद त्याच्या पुढच्या दहा वर्षांचे भाडे असतो. काही मालकांना भीती वाटते, की कागद दिला तर माणूस दुसरीकडे जाईल. अहो, कागदाविना बांधून ठेवलेला माणूस काम कसे करतो हे तुम्हीच रोज पाहता. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांत नियुक्तिपत्राची तरतूद आलीच आहे. कायद्याचा बडगा येण्याआधी आपण होऊन ते दिले तर त्यात शोभा आहे.

दुसरे असे, की भरती करताना भाचा-पुतण्यापलीकडे पाहा. दुकानाच्या दारावर, मशिदीच्या फलकावर, आयटीआयमध्ये ‘माणूस पाहिजे’ अशी चिठ्ठी लावा आणि जो चांगला असेल त्याला घ्या, मग तो कोणत्याही गल्लीचा, कोणत्याही जातीधर्माचा असो. नाव पाहून आपल्या मुलांना नाकारले जाते तेव्हा आपण अन्याय म्हणतो. मग आपल्या गल्ल्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या उमेदवाराला आपणही त्याच न्यायाने तोलले पाहिजे. आणि घरबसल्या जरीकाम, शिलाई करणाऱ्या भगिनींना नगावर जी मजुरी मिळते ती वहीत लिहून ठेवा. त्यांच्या नावाची वही असली की त्यांच्या कामालाही मोल येते.

शेवटी एक सूचना. प्रत्येक शहरातील व्यापारी संघटनेने आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक टेबल मांडावे. एका वहीत कामे, दुसऱ्या वहीत माणसे. मोहल्ल्यातील पदवीधर मुलाने अर्ज लिहावेत, ऑनलाइन फॉर्म भरावेत. कारागिराने त्या बदल्यात त्याला आपल्या कारखान्यात हाताचे काम दाखवावे. याला ना अनुदान लागते, ना मंत्र्याच्या हस्ते उद्घाटन. एक टेबल, दोन वह्या आणि नेमाने बसणारा एक माणूस एवढेच लागते. कोणत्या शहराची संघटना पहिले टेबल मांडते, याची आम्ही वाट पाहत आहोत.