प्रसूतिकक्षाचे बंद दार

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणत आली आहेत. या दुसऱ्या जन्मी जे हात उपयोगी पडतात, त्यांची आठवण मात्र आपण ठेवीत नाही. बारशाचे पेढे डॉक्टरांच्या घरी जातात. रात्रपाळीच्या परिचारिकांपर्यंत ते क्वचितच पोहोचतात.

आमच्या कन्येच्या प्रसूतीच्या वेळी सीमाभागातील एका सरकारी रुग्णालयाच्या बाकावर आम्ही रात्र काढली. पहाटे बाळाचे रडणे ऐकू आले आणि आम्ही हात जोडले. पण आतील धावपळ थांबेना. गर्भाशय आकुंचन पावत नव्हते. रक्तस्राव वाढत होता. डॉक्टर दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुंतलेले. बंद दाराआडून इन्चार्ज सिस्टरांचा आवाज तेवढा येत होता. तो चढा नव्हता, स्पष्ट होता. कधी कन्नड, कधी मराठी. पण प्रत्येकीला नावाने हाक आणि प्रत्येकीला एकच काम. एकीने पोट चोळावयाचे, दुसरीने इंजेक्शन द्यावयाचे, तिसरीने सलाईन लावावयाचे, चौथीने डॉक्टरांना निरोप द्यावयाचा. काम होताच जी ती मोठ्याने सांगे, "दिले", "लावले". संकट टळले.

आम्ही आभार मानू लागलो, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "आभार हिचे माना. कापड फार भिजते आहे, हे हिने आधी पाहिले आणि मला टोकले." ती मुलगी नुकतीच नोकरीस लागली होती.

आमच्या शाळेत काल रुजू झालेला शिक्षक आम्हा मुख्याध्यापकांस असे टोकू शकेल काय? घरी परतताना हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. उत्तर सुखावह नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित प्रसूतीसाठी एक तपासणी-यादी केली आहे. दाखल करताना, प्रत्यक्ष प्रसूतीच्या आधी, जन्मानंतर तासाभरात आणि घरी पाठविताना, असे चार वेळा थांबून ती पाहावयाची. २०१० साली कर्नाटकातील एका रुग्णालयात ती वापरून पाहिली. तेव्हा प्रत्येक प्रसूतीत २९ आवश्यक कामांपैकी सरासरी १० होत असत, ती २५ होऊ लागली. पुढे उत्तर प्रदेशातील १२० आरोग्यकेंद्रांत मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. शेजारी उभे राहून शिकविणारे मार्गदर्शक होते, तेव्हा पाहणीतील सुमारे ७३ टक्के कामे होत. ते गेल्यावर काही महिन्यांतच हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. माता-बालकांच्या मृत्यूंच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

यातून आम्ही एवढेच समजतो, की भिंतीवरचा कागद कोणालाही वाचवीत नाही. त्यासाठी औषध हवे, रक्त हवे, वेळेवर डॉक्टर हवेत. आणि प्रत्येक पाळीत तो कागद जिवंत ठेवणारी, धाकटीचे बोल मानाने ऐकून घेणारी कोणी तरी हवी. हुकूम सोडणे सोपे. आपल्याला टोकण्याचे धैर्य हाताखालच्या माणसास देणे, हेच खरे नेतृत्व.

वाचकहो, आपल्या घरी पाळणा हलेल तेव्हा पेढ्यांचा एक पुडा त्या बंद दाराआड अवश्य पोहोचवा. आणि त्यातला पहिला पेढा सर्वांत धाकटीच्या हातावर ठेवा.