आपल्याकडे असतंच!

प्रवासाला निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत दोन गोष्टी हमखास असतात. एक चिवड्याचा डबा आणि दुसरं, 'हे तर आपल्याकडे असतंच' हे वाक्य. चिवडा तिसऱ्या दिवशी संपतो. वाक्य परतीच्या विमानातसुद्धा पुरून उरतं. माझं भांडण आहे ते या वाक्याशी. ते सगळ्यांत जास्त वेळा मीच वापरलेलं असल्यामुळे हे भांडण घरगुती आहे, असं समजायला हरकत नाही.

झालं असं, की आम्ही उभयता पुतण्याकडे पॅरिसला गेलो होतो. आयफेल टॉवर पाहून झाला. (तो आपल्याकडे नसतो, हे मी मोकळ्या मनाने कबूल केलं.) दुसऱ्या दिवशी मिलिंद म्हणाला, "काका, आज तुम्हांला गोळ्यांच्या दुकानात नेतो." साठी उलटलेल्या माणसाला गोळ्या म्हटल्या की रक्तदाबाच्याच आठवतात. मी प्रिस्क्रिप्शन खिशात टाकूनच निघालो.

दुकान आपल्या माजघराएवढं. भिंतभर काचेच्या बरण्या आणि मधे एक आजीबाई. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना आधी 'बाँजूर' म्हणावं लागतं. न म्हणता एकदम भाव विचारणं म्हणजे लग्नघरात शिरून यजमानांना नमस्कार न करता पंगत कुठे बसलीय ते विचारणं. आम्ही बाँजूर केलं. बाई प्रसन्न झाल्या आणि चिमट्याने एकेक गोळी आमच्या तळहातावर ठेवू लागल्या.

पहिली गोळी वाटाण्याएवढी, पांढरीशुभ्र. आत बडीशेपेच्या नात्यातला एकच दाणा. बर्गंडीतल्या फ्लाव्हिन्यी गावच्या जुन्या मठात ही तयार होते आणि त्या एका दाण्यावर पाकाचे थर चढवायला पंधरा दिवस लागतात, असं मिलिंदने सांगितलं.

"आपल्याकडे असते," मी म्हणालो, "हॉटेलात बिलाबरोबर फुकट देतात."

मग आला मोंतेलिमारचा नूगा. "चिक्कीची मावसबहीण!" मी निकाल दिला. पण त्या गावचं नाव लावायचं तर 100 ग्रॅम नूगात 30 ग्रॅम बदाम, नाहीतर 28 ग्रॅम बदाम आणि 2 ग्रॅम पिस्ते, आणि वर मध हवाच, असा तिथला दंडक. आपल्या बदामबर्फीत बदाम कापाच्या रूपाने वरच्या अंगाला असतो. निव्वळ दर्शनापुरता. मी विषय बदलला.

तिसरी कांब्रे गावची पुदिन्याची गोळी. तिचं नावच 'बेतीझ', म्हणजे मूर्खपणा. कुणाच्या तरी हातून मिश्रण बिघडलं आणि ही गोळी जन्माला आली, अशी तिची कथा. आणि ती आपलीच म्हणून गावातली दोन मिठाईवाली घराणी एकोणिसाव्या शतकात कोर्टात गेली! आपल्याकडे माणसं कोर्टात जातात ती चूक दुसऱ्याची होती हे सिद्ध करायला.

शेवटी बाईंनी व्हर्दं गावची 'द्राजे' काढली. बदामावर साखरेचं गुळगुळीत कवच. बारशाला आणि लग्नाला वाटतात म्हणे.

"अरे, हा तर हलवा!" मी जवळजवळ ओरडलोच. मग मला कंठ फुटला. संक्रांत, काळी साडी, नव्या सुनेचे हलव्याचे दागिने, नातवाचं बोरन्हाण, सगळं सांगितलं. हलव्याला काटा येतो, तुमच्या द्राजेला येत नाही, हेही ठणकावलं. मिलिंद बिचारा घाम पुसत भाषांतर करत होता. काट्याला फ्रेंच शब्द सापडेना.

बाईंनी चिमटा खाली ठेवला. डोळे चमकले. म्हणाल्या, "वा! कोण करतं हा?"

"घरी करतात."

"घरी कोण?"

"माझी आई करायची."

"आणि आता?"

मी सौभाग्यवतींकडे पाहिलं. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. मग ती शांतपणे म्हणाली, "सांग रे मिलिंद त्यांना. सासूबाई पौषातल्या थंडीत शेगडीवर परात ठेवून तासन्‌तास बसायच्या. चमचा चमचा पाक घालायचा आणि तापल्या परातीत हाताने तीळ फिरवायचे. बोटं पोळायची. मला म्हणाल्या, शिकतेस का? मी नोकरीवरून सात वाजता घरी यायचे. नाही म्हटलं. आणि बरंच केलं."

यातलं किती भाषांतरात पोचलं, देव जाणे. मला मात्र मराठीतच पोचलं.

आता कुणी म्हणेल, फ्रेंचांचं एवढं कौतुक नको. मान्य. तेही कारखान्यातली पाकीटबंद गोळी चघळतातच. पण त्या माजघराएवढ्या दुकानात पंधरा दिवसांच्या मेहनतीला किंमत लावलेली होती आणि गिऱ्हाईक ती देत होतं. आपण आईच्या पोळलेल्या बोटांना 'माया' म्हटलं. मायेचं बिल होत नाही. पुढच्या सुनेने फुकटात बोटं पोळून घ्यायला नकार दिला, की आपण हळहळतो, 'हल्ली पूर्वीचं काही राहिलं नाही हो!' कसं राहील? 'आपल्याकडे असतंच' म्हणताना ते 'असणं' कुणाच्या हातांनी चालू असतं, हे आपण कधी विचारलंच नाही. आणि आजही ज्या बाया हलवा करून विकतात, त्यांच्यापुढे उभं राहून आपण म्हणतो, 'एवढे? साखरच तर आहे!'

बाईंच्या दुकानात 200 ग्रॅम गोळ्यांचे 14 युरो झाले. 'साखरच तर आहे' याचं फ्रेंच भाषांतर करायला मी मिलिंदला सांगितलं नाही. निमूट पैसे दिले, वर 'मेर्सी'ही म्हटलं.

त्यानंतरच्या संक्रांतीला आमच्या गल्लीत ओट्यावर हलवा विकणाऱ्या बाईंकडे गेलो. बाँजूरची सवय लागली होती. आधी हात जोडून नमस्कार केला, कशा आहात विचारलं, हलव्याच्या काट्याची तारीफ केली आणि मग भाव विचारून घासाघीस न करता पिशवी पुढे केली.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या,

"काका, उधार मिळणार नाही हं!"