कीड-ओळखीची लघुचित्रे कोणी तयार करावीत?

मक्याच्या पोंग्यात अळी दिसली की अनेक शेतकरी आता बांधावरूनच मोबाइलवर कीड-ओळखीचे पान उघडतात. मजकूर येतो, छायाचित्रांच्या जागी मात्र रिकाम्या चौकटी राहतात. दोष नेटवर्कला दिला जातो. माझ्या मते तो बहुतेक वेळा पान तयार करणाऱ्यांचा असतो.

मोबाइलने काढलेले 4000 × 3000 पिक्सेलचे छायाचित्र सहज 3 मेगाबाइटचे भरते. ते पानावर नखाएवढे दाखवले तरी त्याचा भार घटत नाही. संपूर्ण फाइल उतरते आणि मग फोन ती लहान करून दाखवतो. अशी 20 छायाचित्रे म्हणजे 60 मेगाबाइट. सेकंदाला 1 मेगाबिट वेग मिळाला तर 8 मिनिटे! एवढा वेळ उन्हात कोण थांबेल? तीच छायाचित्रे आधीच 300 × 225 पिक्सेलची करून ठेवली, तर प्रत्येकी सुमारे 20 किलोबाइटमध्ये बसतात.

एवढे काम संगणक विभाग करू शकतो. पुढचे त्याच्यावर सोडू नये, असा माझा आग्रह आहे. भारतात 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी ओळखावी ती डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’सारख्या खुणेवरून आणि शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनात असलेल्या चार काळ्या ठिपक्यांवरून. म्हणजे दोन्ही खुणा अळीच्या दोन टोकांना. संगणकाने आपोआप मधला भाग तेवढा कातरून ठेवला, तर उरते कोणतीही एक तपकिरी अळी. अख्ख्या पोंग्यासह चित्र लहान केले, तर ठिपके दिसेनासे होतात. म्हणून आधी कातरावे, मग लहान करावे; आणि काय राखायचे हे कीटकशास्त्रज्ञाने ठरवावे. दोन खुणांची दोन लघुचित्रे करावी लागली तरी 20 किलोबाइटच वाढतात. चुकीच्या ओळखीवर झालेली एक फवारणी त्याहून फार महाग पडते.

लघुचित्रावर बोट टेकवताच 1200 पिक्सेलचे चित्र उघडावे. मूळ छायाचित्र संस्थेत जपावे, कारण लहान चित्रातून गेलेला तपशील परत मिळत नाही. जाता जाता आणखी एक: स्थाननोंद चालू असलेल्या मोबाइलच्या छायाचित्रात शेताचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात. ते काढूनच चित्र प्रसिद्ध करावे. शेतकऱ्याला न विचारता त्याच्या शेताचा पत्ता जगाला देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या संस्थेचे पान कार्यालयातील वायफायवर तपासू नये. गावाबाहेरच्या शेतात उभे राहून ते उघडावे आणि चित्रे दिसायला किती वेळ लागला, ते संस्थेला लेखी कळवावे.